वाचक विचारतात : इंग्रजीचे कान

मागच्या अंकात हातापायांचे इंग्रजी वाक्प्रचार घेतले होते, तर लगेच 'आता कान घ्या' म्हणून पत्रं सुरू झाली, काहींनी तर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवले, त्यातला एक थेट मासळीबाजारातून रेकॉर्ड केलेला, त्यामुळे प्रश्न राहिला बाजूला आणि पापलेटचा भाव तेवढा नीट ऐकू आला. असो. निवडलेले प्रश्न खाली देतोय, पत्रं थोडी आखडती घेतलीत, नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : आमचा तारकर्लीत होमस्टे आहे. एका पाहुण्याला विचारलं उद्या सकाळी डॉल्फिन बघायला बोट सांगू का, तर तो म्हणाला 'लेट्स प्ले इट बाय इअर'. माका वाटला हे आता पेटी वाजवूक बसतले की काय! मग मी बोट सांगितली, आणि सकाळी ते झोपलेले. चूक कोणाची?

अहो, पेटीपर्यंत तुम्ही बरोबर पोचलात की! 'प्ले बाय इअर' मुळात संगीतातलंच. समोर नोटेशनचा कागद नाही, कानाला जे पडलं त्याच्या जोरावर वाजवायचं. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत त्याला दुसरा अर्थ चिकटला, की आधी पक्कं काही ठरवायचं नाही, वेळ येईल तशी बघू. म्हणजे पाहुणा म्हणत होता 'सकाळी उठल्यावर बघू हो, वारं किती आहे, झोप किती झालीये'. 'नको' असं तो म्हणाला नव्हता, पण 'हो' सुद्धा म्हणाला नव्हता, आणि गोंधळ तिथेच झाला.

तुमच्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर दशावतार पुरे. तिथे कुठे लिहिलेली संहिता असते? आख्यान कुठलं ते ठरलं, कोण राजा कोण राक्षस ते ठरलं, की तोंडाला रंग लावायचा, बाकी संवाद रंगमंचावर आयत्या वेळी, आणि पेटीवाला पखवाजवाला त्या बोलण्याचा कानोसा घेत साथ धरतात. तेच हे 'प्ले इट बाय इअर', दोन्ही अर्थांनी.

धंद्याच्या दृष्टीने सांगतो, पाहुणा असं म्हणाला की लगेच विचारायचं, 'सो शॅल आय बुक द बोट ऑर वेट?' डॉल्फिनच्या बोटी सकाळी लवकर निघतात, तुमचा बोटवाला काही 'बाय इअर' थांबणार नाही.

प्रश्न : चोरून ऐकण्याला 'ईव्ह्सड्रॉपिंग' म्हणतात. यात ड्रॉप कशाचा? थेंबाचा आणि ऐकण्याचा काय संबंध? — राजापूर

हा प्रश्न कोकणातून आला याचा फार आनंद झाला, कारण मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याचं उत्तर द्यायचं तर आधी छप्पर समजवावं लागतं. 'ईव्ह्स' म्हणजे वळचण, छपराचा भिंतीबाहेर आलेला खालचा काठ. आणि 'ड्रॉप' म्हणजे त्या काठावरून गळणारं पाणी, तुमची पागोळी, काही गावांत पावळी म्हणतात. मोठा पाऊस लागला की वळचणीखाली जमिनीवर बारीक खड्ड्यांची एक सरळ ओळ पडते बघा, आणि तिथली माती उडून चिऱ्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत लाल शिंतोडे बसतात. ती ओळ आणि भिंत यांच्या मधला जो अरुंद कोरडा पट्टा, त्याच जागेची ही गोष्ट.

इंग्लंडात जुन्या काळी घरं गवताने शाकारलेली, उतरत्या छपराची, पन्हळ वगैरे काही नाही, पाणी सरळ खाली. आता ते पाणी शेजाऱ्याच्या जमिनीत पडलं की भांडण आलंच, यावर मी तुम्हाला काय वेगळं सांगणार, आपल्याकडे भावाभावांत पागोळीच्या पाण्यावरून बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक वाडीत सापडतील. म्हणून तिथे रिवाज असा की घर हद्दीला खेटून बांधायचं नाही, पागोळीपुरती जागा आपल्याच बाजूला सोडायची. केंट भागातल्या सन ८६८ च्या जमिनीच्या एका कागदात ही जागा दोन फूट म्हणून लिहिलेली आहे. साडेअकराशे वर्षं झाली, वाद तोच.

तर या सोडलेल्या पट्ट्यात, बाहेर कोणाला दिसणार नाही असं भिंतीला चिकटून, आतलं बोलणं ऐकत उभा राहणारा तो 'ईव्ह्सड्रॉपर'. पंधराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हा शब्द तिकडच्या कोर्टाच्या दप्तरात आलेला होता, कारण तो चक्क गुन्हा होता. ब्लॅकस्टोन म्हणून मोठे कायदेपंडित होते, त्यांनी १७६९ साली व्याख्याच करून ठेवली, की भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीखाली उभं राहून बोलणं ऐकणारे आणि त्यावरून कुचाळक्या रचणारे लोक म्हणजे सार्वजनिक उपद्रव. आणि हा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून निघाला कधी, तर १९६७ साली! तोपर्यंत कागदावर होता.

आज वळचण गेली, शब्द राहिला. फोन चोरून ऐकला तरी ईव्ह्सड्रॉपिंगच. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना विचारा, त्यांच्या पुस्तकात अॅलिस आणि बॉब एकमेकांना गुप्त निरोप पाठवतात आणि मधे एक ईव्ह नावाची बाई ते ऐकायला टपलेली असते, तिचं नाव याच शब्दावरून.

वापरताना दोन गोष्टी. एक, 'ईव्ह्सड्रॉप ऑन समवन', मधला 'ऑन' विसरू नका. दोन, हे मुद्दाम केलेलं असतं. एसटीत पुढच्या सीटवरच्यांचं बोलणं आपसूक कानावर पडलं तर ते 'ओव्हरहिअर'. 'आय ओव्हरहर्ड यू' म्हणालात तर सभ्य, 'आय ईव्ह्सड्रॉप्ड ऑन यू' म्हणालात तर कबुलीजबाब. 'वॉल्स हॅव इअर्स' मात्र आपलंच, भिंतीला कान असतात, तिथे काही शिकायचं नाही. आणि आपला 'षट्कर्णी' शब्द तर मला त्यांच्यापेक्षा भारी वाटतो, दोघांचे चार कान होईपर्यंत गुपित गुपित राहतं, तिसरा आला, सहा कान झाले, की संपलं. इतका चोख हिशोब त्यांच्या एकाही वाक्प्रचारात नाही.

प्रश्न : भातावरच्या किडींची माहिती इंग्रजीत वाचत होतो. 'राइस इअर-कटिंग कॅटरपिलर' दिसलं, मोबाइलला मराठी विचारलं तर म्हणतो 'तांदूळ कान कापणारा सुरवंट'. — दापोलीजवळच्या गावातून

हे वाचून मी एकटाच हसत बसलो, थँक्यू. ही तुमची नेहमीची लष्करी अळी हो. दिवसा बुडख्यात दडून बसते, रात्री वर चढते आणि तयार होत आलेल्या लोंब्या कुरतडून खाली पाडते, सकाळी जाऊन बघावं तर शेतात नुसत्या लोंब्यांचा सडा. इंग्रजीत धान्याच्या कणसालाही 'इअर'च म्हणतात. भाताची लोंबी, गव्हाची ओंबी, ज्वारी-मक्याचं कणीस, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आणि त्यांच्याकडे सगळ्यांचे कान.

गंमत म्हणजे शरीराचा कान आणि हा कान यांचं काही नातं नाही. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, उच्चार जवळजवळचे, कणसाच्या शब्दाचं मूळ 'टोकदार' या अर्थाकडे जातं, कुसळं आठवा. पुढे शेवटचे स्वर झडले आणि दोघांचं स्पेलिंग एक झालं. आडनाव सारखं म्हणून भावकी असेलच असं नाही, तसं. आणखी एक घोळ सांगून ठेवतो, ब्रिटिश माणूस 'कॉर्न' म्हणाला तर कुठलंही धान्य असू शकतं, अमेरिकन म्हणाला तर मकाच. भाताच्या शास्त्रीय लिखाणात लोंबीला बहुतेक वेळा 'पॅनिकल' म्हणतात, विद्यापीठाची इंग्रजी पत्रकं वाचणार असाल तर तोही शब्द माहीत हवा.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंगमध्ये मी 'आर यू लिसनिंग मी?' विचारलं तर पलीकडचा हसला. का? — संगमेश्वर

कारण रेंज तुमची गेलेली आणि तुम्ही जाब विचारलात त्याला! 'लिसन' म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. 'आर यू लिसनिंग?' हे मास्तर शेवटच्या बाकाला विचारतात. तुम्हाला म्हणायचं होतं 'माझा आवाज येतोय का', त्याला 'कॅन यू हिअर मी?'. मराठीत 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' असे दोन आहेत ना, बस तेच, ऐकू येणं ते हिअर, ऐकणं ते लिसन, आणि लिसनच्या मागे माणूस आला की मधे 'टू' पाहिजेच. 'लिसन टू मी'. आपलं 'पोरगं अजिबात ऐकत नाही' हेही 'ही डझन्ट लिसन'च, त्याचे कान उत्तम असतात.

आणि 'आय अॅम हिअरिंग यू' रोजच्या बोलण्यात टाळा, 'आय कॅन हिअर यू' म्हणा. अजून एक, 'हर्ड फ्रॉम हिम' म्हणजे त्याचा फोन-पत्र आलं, 'हर्ड ऑफ हिम' म्हणजे असा कोणी आहे एवढं माहीत आहे. नोकरीच्या मेलमध्ये शेवटी 'होप टू हिअर फ्रॉम यू' असतं ते पहिल्या अर्थाने, तिथे 'ऑफ' घातलंत तर साहेबाची बातमी कुठून तरी कानावर येऊ दे असं काहीतरी विचित्र होईल.

प्रश्न : मर्चंट नेव्हीत पहिल्याच जहाजावर आहे. चीफ ऑफिसर मला 'वेट बिहाइंड द इअर्स' म्हणाला. मी खरोखर कान पुसले. — हर्णै, सध्या समुद्रात

पुसलेत ते बरं केलंत, सगळं क्रू तेवढंच हसलं असेल. याचा अर्थ नवखा, अजून काही न बघितलेला. वासरू जन्मलं की ओलं असतं, बाकी अंग सुकतं पण कानामागचा खोबणीतला भाग शेवटी सुकतो, त्यावरून म्हणतात. जर्मन लोक अशाच पोराला 'कानामागे हिरवा' म्हणतात. आपण तोंडावरून ओळखतो, ओठ पिळले तर दूध निघेल. रागाने क्वचितच म्हणतात हे, जास्त करून वरच्याने खालच्याला चिडवायला, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मात्र तुमच्या वरच्या कोणाला म्हणू नका.

ज्याची खरी भीती बाळगायची तो वाक्प्रचार वेगळा आहे, 'ही गेव्ह मी अॅन इअरफुल', म्हणजे कान भरून बोलणी बसली, आपली कानउघाडणी. इथे फसू नका हं, आपलं 'कान भरणं' म्हणजे तिसऱ्याबद्दल चहाडी सांगून मन कलुषित करणं, आणि त्यांचा कान भरतो तो शिव्यांनी, तोही समोरासमोर. जहाजावर 'विदिन इअरशॉट' पण ऐकाल. बाण जाईल तेवढं अंतर ते 'बोशॉट', त्या चालीवर आवाज पोचेल तेवढं अंतर ते 'इअरशॉट'. आपलं हाकेच्या अंतरावर, खाडीच्या पलीकडच्या होडीवाल्याला साद घालायचो ते.

प्रश्न : कोणी आपली आठवण काढली की इंग्रजीत काय म्हणतात? — रत्नागिरी

आपल्याला उचकी लागते, त्यांचे कान जळतात. 'माय इअर्स वर बर्निंग'. ही समजूत फार जुनी, पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की कानात आवाज झाला की लोकांना वाटतं आपल्यामागे आपल्याबद्दल बोलणं चाललंय. पाणी पिऊन जात नाही एवढाच फरक.

प्रश्न : आजीच्या कागदपत्रांवर डॉक्टरांनी 'हार्ड ऑफ हिअरिंग' लिहिलंय. घरात वाद, की तिला 'डेफ' म्हणायचं का. आणि ती म्हणते ऐकू येतं पण कळत नाही, हे नाटक आहे का? — चिपळूण

नाटक अजिबात नाही, आधी ते डोक्यातून काढा. वयाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स, फ, थ असले आवाज त्या पट्टीतले, जाडे स्वर मात्र पोचतात. म्हणजे आजीला कोणीतरी बोलतंय हे कळतं पण 'सात' म्हणालात की 'हात' ते नाही कळत. मग आपण काय करतो, ओरडतो. ओरडून स्वर अजून मोठे होतात, नेमके हवे ते आवाज तसेच राहतात, आणि आजीला वाटतं घरात सगळे तिच्यावर खेकसतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, थोडं सावकाश बोला, टीव्ही आणि पंखा बंद करून. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर महत्त्वाचं बोलणं थोडं पुढे ढकला.

आता शब्दाचं. रोजच्या इंग्रजीत 'हार्ड ऑफ हिअरिंग' म्हणजे कमी ऐकू येणारा, 'डेफ' म्हणजे जवळजवळ न येणारा. पण आपल्याकडे या दोन्हींना कायद्याचं मोजमाप आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर 'हार्ड ऑफ हिअरिंग' आणि ७० डेसिबलची असेल तर 'डेफ'. तेव्हा घरात वाद घालून काय होणार, ऑडिओग्राम काढलाय का ते बघा, प्रमाणपत्र काढायचं झालं तर त्यावरच ठरतं.

एक मात्र आग्रहाने सांगतो. 'डेफ अँड डम' म्हणणं सोडा. 'डम'चा दुसरा अर्थ मूर्ख, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांची वाचा बहुतेकदा शाबूत असते. मराठीतही 'कर्णबधिर' म्हणा. 'डेफ अॅज अ पोस्ट', खांबासारखा ठार बहिरा, असा वाक्प्रचार आहे, तो माहीत असू दे पण खऱ्या माणसाबद्दल वापरू नका. आणि 'फेल ऑन डेफ इअर्स', पालथ्या घड्यावर पाणी, हा ग्रामपंचायतीच्या अर्जांबद्दल खुशाल वापरा.

प्रश्न : बातमीत 'फंड इअरमार्क केला' असतं. फंडाला कान? — कुडाळ

फंडाला नाही, गुराला. कोणाचं जनावर ते ओळखायला कानाला कातरा मारून खूण करायचे, तो 'इअरमार्क'. त्यावरून पैसे अमुक कामासाठी वेगळे राखून ठेवणं. तुमच्या गोठ्यातल्या गाईच्या कानाला सरकारी पिवळा बिल्ला असेल, बारा आकडी नंबरचा, तोही त्याच जातीचा. अर्थात बिल्ला मारलेली गाय कुठे जात नाही, इअरमार्क केलेल्या फंडाचं तसं सांगता येत नाही.

प्रश्न : उलट दिशेने विचारतो. आपले कानाचे वाक्प्रचार इंग्रजीत कसे न्यायचे? यादी जोडली आहे. — अलिबाग

यादी मोठी होती, सगळी घेत नाही. जिथे जनावरं सारखी तिथे जमतं. 'कान टवकारणे' हे 'प्रिक अप युअर इअर्स', कुत्रा तिथला असो की इथला, कान उभे करतोच. 'या कानाने ऐकून त्या कानाने सोडणे' याला 'इन वन इअर अँड आउट द अदर', शब्दाला शब्द.

पण 'कानात तेल घालून ऐक' हे तसंच्या तसं नेलंत तर इंग्रज माणूस विचारेल इन्फेक्शन झालंय का. तिथे 'लिसन केअरफुली' पुरे. 'कानाला खडा लावला' ला 'नेव्हर अगेन' म्हणा, चेहरा नीट केलात तर पोचतं. 'कानावर हात ठेवणे' हा सगळ्यात फसवा, आपल्याकडे तो 'मला काहीच माहीत नाही' म्हणून झटकणाऱ्याचा, आणि इंग्रजीत कोणी 'कव्हर्ड हिज इअर्स' वाचलं तर त्याला वाटेल आवाज सहन होईना. तिथे 'ही डिनाइड ऑल नॉलेज ऑफ इट'. 'हलक्या कानाचा' ला 'गलिबल' जवळ जातं पण पुरत नाही, गलिबल माणूस कशावरही विश्वास ठेवतो, हलक्या कानाचा फक्त चहाडीवर. 'सोनारानेच कान टोचावे' चा नुसता अर्थ सांगा, जोडी शोधत बसू नका.

आणि 'कानामागून आली आणि तिखट झाली'! याला मला आजवर एकही इंग्रजी वाक्प्रचार पटलेला नाही. मागून आलेली, वरचढ झालेली, आणि बोलणाऱ्याचा जळफळाट, हे तिन्ही एकदम कुठे मिळत नाही. सासूबाईंनी नव्या सुनेबद्दल हे म्हटलं आणि शेजारी परदेशी पाहुणे असतील तर भाषांतर न करणंच शहाणपणाचं.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात रिसॉर्टमध्ये नोकरीची मुलाखत आहे. साहेब बोलायला लागले की 'आय अॅम ऑल इअर्स' म्हटलं तर इम्प्रेशन पडेल का? — खेड

नको. अर्थ बरोबर आहे, सगळं लक्ष तुमच्याकडेच आहे असा, पण तो मित्राला, फार तर घरच्यांना म्हणायचा, आणि तोही समोरचा 'तुला एक सांगायचंय' म्हणाला की. मुलाखतीत ते थोडं थट्टेचं वाटतं, जणू बोला बोला, काय सांगताय ते. 'येस सर, प्लीज गो अहेड' म्हणा. आणि प्रश्न नाही कळला तर 'व्हॉट?' नाही, 'कुड यू प्लीज रिपीट दॅट?'. हे एक वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, लाज जाईपर्यंत. मुलाखत झाली की काय झालं ते कळवा.